फळ्यावरचा एप्रिल

अकोल्यात बाबांच्या ऑफिसच्या दाराशी एक काळा फळा टांगलेला आहे. ऑफिस म्हणजे एक गाळा, दोन खुर्च्या, एक बाक, ढेपीच्या नमुन्यांच्या पुड्या आणि एक पंखा, जो वाऱ्यापेक्षा आवाजच जास्त करतो. बाबा सरकीच्या ढेपीचे दलाल. सरकीतून तेल काढून घेतल्यावर जे उरतं ती ढेप. पुण्याकडचे लोक तिला पेंड म्हणतात. म्हशीला ती घातली की दुधावर दाट साय येते. तेल मिलवाल्याकडे माल असतो, गवळ्याला तो हवा असतो आणि दोघांचा एकमेकांवर काडीचा विश्वास नसतो. त्या दोघांच्या मधल्या जागेवर आमचं घर चाललं, माझं शिक्षण झालं आणि धाकट्या भावाचं लग्नही.

फळ्यावर तीन रकाने आहेत आणि त्यांत वायद्याचे भाव. वायदा म्हणजे भाव आज ठरवायचा, माल पुढच्या एखाद्या महिन्यात द्यायचा-घ्यायचा. पहिला रकाना सगळ्यात जवळच्या महिन्याचा, दुसरा मधल्या महिन्याचा, तिसरा सगळ्यात लांबच्या महिन्याचा; महिने एकाआड एक, म्हणजे डिसेंबर, फेब्रुवारी, एप्रिल असे. बाबा स्वतः वायद्यात एक रुपया घालत नाहीत. ‘बाजारात तुरी अन् भट भटणीले मारी, असा थो धंदा,’ हे त्यांचं मत. पण समोर ठेवलेल्या मालाचा भाव करतानाही अख्खं मार्केट आधी वायद्याकडे पाहतं, म्हणून बाबा रोज खडू घेऊन उभे. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे आणि त्यात भाव डोळ्यांदेखत हलतो, तरी लोक फळा बघायला थांबतात. मोबाइलातल्या भावावर भांडता येत नाही, बाबांशी येतं.

हा फळा आमच्याकडे माझ्या कॉलेजच्या दिवसांपासून आहे. त्याला एकदाही नवा रंग मारलेला नाही. आईने किती वेळा सांगितलं, मी सांगितलं, बाबांनी ऐकलं नाही. त्यामुळे एक गंमत झाली. पहिला रकाना पुसून पुसून असा झिजला की काळा रंग गेला आणि खालचं लाकूड दिसायला लागलं. तिथे लिहिलेला आकडा वाचायला डोळे बारीक करावे लागतात. मधला रकाना राखाडी झालाय. तिसरा मात्र अजून काळाभोर, जणू काल रंगवला. जवळच्या महिन्याचा भाव दिवसातून पाच-सहा वेळा पुसायचा, मधल्याचा एकदा-दोनदा, लांबच्याचा चार दिवसांतून एखादवेळी. एक महिना सोडून वीस तारखेच्या सुमारास पहिल्या रकान्यातला वायदा संपायचा. त्या दिवशी बाबा ओल्या फडक्याने सगळा फळा पुसत, उरलेल्या महिन्यांना पुढे सरकवत आणि तिसऱ्या रकान्यात नवा महिना आणून बसवत.

माझी पीएच.डी. या फळ्यातून निघाली, असं मी म्हणते. माझ्या मार्गदर्शकांना ते आवडत नाही. मी अमरावतीला एका कॉलेजात वाणिज्य शिकवते. नोकरीची बरीच वर्षं झाली, बढती पीएच.डी.वाचून अडली होती, म्हणून चाळिशी उलटल्यावर विषय शोधत बसले. विषय मिळाला तो असा: एकाच मालाचे वेगवेगळ्या मुदतीचे वायदे घ्यायचे आणि कोणाचा भाव किती उड्या मारतो ते मोजायचं. पहिल्या प्रकरणाच्या सुरुवातीला मी फळ्याचा फोटो टाकला होता. मार्गदर्शकांनी तो काढायला लावला. ‘फळा म्हणजे विदा नव्हे, मॅडम,’ म्हणाले; विदा म्हणजे डेटा. मला राग आला. इतक्या वर्षांची झीज विदा नाही तर काय आहे? पण पीएच.डी. करणाऱ्या माणसाने राग डब्यात घालून ठेवायचा असतो, तसा ठेवला.

मग मी रीतसर विदा गोळा केला. रोजचा भाव घ्यायचा, कालच्यापेक्षा किती वर, किती खाली ते काढायचं आणि रकान्याप्रमाणे तीन ढीग करायचे: जवळचे, मधले, लांबचे. प्रत्येक ढिगातला चढउतार मोजायचा. शनिवारी अमरावतीहून बडनेऱ्याला यायचं, तिथून अकोल्याची गाडी, सोमवारी पहाटे परत; माझे निम्मे तक्ते त्या गाडीत झालेत. उत्तर फळ्यानेच आधी देऊन ठेवलं होतं. जवळचा सगळ्यात जास्त उडतो, लांबचा सगळ्यात कमी. घरातल्या लग्नाचंही असंच असतं. सहा महिने आधी सगळे गोड बोलतात, आणि आठवड्यावर आलं की तासातासाला कोणीतरी रुसतं. हे उदाहरण मी प्रबंधात घातलं नाही, कारण त्याचाही विदा नव्हता.

आता चाचांबद्दल सांगायला पाहिजे.

चाचा म्हणजे गावाबाहेर दर्यापूरच्या रस्त्याला ज्यांचा गोठा आहे ते. चौदा म्हशी. त्यांच्या वडिलांपासून आमच्याकडे त्यांचंच दूध. उंच, वाळके, खांद्यावर चौकडीचा रुमाल, तोंडात वऱ्हाडी आणि उर्दूची भेळ. बाबांना ते ‘भाऊ’ म्हणत आणि बाबा त्यांना ‘भाई’. दोघांची दोस्ती जनावरांच्या बाजारातली. त्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. देणारा आणि घेणारा हातावर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली बोटं दाबून आकडा सांगतात, म्हणजे आजूबाजूच्यांना कळू नये. या दोघांना त्याची इतकी सवय, की ढेपीचा सौदासुद्धा ते असाच करत. गाळ्यात हे दोघे आणि मी, बाहेर कुत्रं नाही, तरी चाचांचा रुमाल बाबांच्या हातावर पडायचा. मी लहानपणी खाली वाकून बघायचा प्रयत्न करायची. ‘भाव पाहाचा नसते, बेटा,’ चाचा म्हणायचे, ‘भाव समजाचा असते.’

चाचांची एक रीत होती, अजूनही आहे. कोजागिरीला सगळ्या घरांना जास्तीचं दूध लागतं, तेव्हा दूध घालता घालता वर्षाचा भाव सांगायचा. तो पुढच्या कोजागिरीपर्यंत बदलत नाही. मधे ढेप महागो, कडबा महागो, भाव तोच. माप घातल्यावर वरून एक धार सोडायची, तीही तेवढीच. डेअरीवाले दर महिन्याला भाव बदलतात, पिशवीतल्या दुधाचा तर कोणाला न सांगताच वाढतो. चाचांची नव्वदेक घरं मात्र यावरच टिकून होती.

म्हणून चाचांचा सगळा संसार एका गोष्टीवर उभा होता: कोजागिरीला बोललेल्या दूधभावात उन्हाळ्याची ढेप बसली पाहिजे. हिवाळ्यात मिला चालू असतात, ढेप मुबलक असते. उन्हाळ्यात सरकी संपते आणि ढेप महागते. दिवाळी ते संक्रांत या दिवसांत चाचा बाबांकडे येत, फळ्यावरचा पहिला रकाना बघत, तिसरा बघत, आणि उन्हाळ्याची पोती भरून गोठ्याशेजारच्या खोलीत थप्पी लावत. उंदीर, ओल, वजनातली घट, हे सगळं सोसून. थप्पी लागली की चौदा म्हशी पुढच्या पावसापर्यंत सुखरूप. नाही लागली तर म्हशी विकाव्या लागतील, कारण भाव वाढवायचा नाही.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी धूळ आणि खडू, दोन्ही बंद केलं. बाबा घरी काळा चष्मा लावून रेडिओशी भांडत बसले आणि ऑफिस मी सांभाळलं. मला खरं तर मजा वाटत होती. खडू हातात घेऊन भाव लिहायचे, मिलवाल्यांना फोन करायचे, येणाऱ्या-जाणाऱ्याला माझं संशोधन ऐकवायचं. ‘मॅडम डॉक्टर होऊन राहिल्या,’ असं शेजारचा बारदानावाला सगळ्यांना सांगायचा, आणि मी ‘अजून कुठे’ म्हणून हसायची. पण मनातून फुगलेली होते.

चाचा एका सकाळी आले. बाकावर बसले, चहा झाला. फळ्याकडे मान करून म्हणाले, ‘एप्रिल काय म्हन्ते, बेटा?’

एप्रिल तिसऱ्या रकान्यात होता. डिसेंबरपेक्षा थोडासाच वर.

मी म्हटलं, ‘एप्रिल एकदम शांत हाय, चाचा. महिना झाला, जाग्यावरून हालला नाई. लांबचा भाव उड्या मारत नसते. माझ्या सगळ्या अभ्यासात तेच निंगून राहिलं.’

‘म्हनजे उन्हाळ्यात ढेप इतलीच राहीन?’

इथे मी थांबायला हवं होतं. एक क्षण थांबलेही होते, मला चांगलं आठवतं, कारण पंख्याचा आवाज ऐकू आला. मग मी म्हणाले, ‘हो. जवळपास.’

तो ‘हो’ माझा आहे. तो मार्गदर्शकांचा नाही, आकड्यांचा नाही, बाजाराचाही नाही.

चाचांनी हिशेब साधा केला. उन्हाळ्यातही भाव जवळपास हाच राहणार असेल, तर आत्ता थप्पी लावून उंदरांना कशाला घालायची? लागेल तशी घेऊ. त्या वर्षी त्यांनी नेहमीच्या निम्मी पोती उचलली. उरलेल्या पैशांत गोठ्यावरची गळकी टिनं काढून नवी टाकली. बरीच वर्षं ते काम राहिलं होतं. मला फोन करून त्यांनी सांगितलं, ‘तुह्यामुळं छत झालं, बेटा.’ मी अमरावतीत स्टाफरूममध्ये होते. दोन सहकाऱ्यांना मी तो फोन कौतुकाने सांगितला. माझ्या प्रबंधात ‘अभ्यासाची उपयुक्तता’ नावाचा एक भाग होता, त्यात मी त्याच आठवड्यात ‘पशुपालक’ हा शब्द घातला.

संक्रांतीला घरी गेले तेव्हा बाबा पुन्हा गाळ्यात बसायला लागले होते. तिळगूळ झाल्यावर त्यांनी विचारलं, ‘भाईची बाकीची पोती कावून गेली नाई यंदा?’

मी सांगितलं. अभिमानानेच सांगितलं.

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यांचा आवाज चढला नाही आणि त्यामुळे मी जास्त घाबरले. ‘तू त्याले सांगतलं, एप्रिल शांत हाय?’

‘आहेच ना शांत. तुमीच पाहा ना फळा.’

‘फळाच पाहून राहिलो इतके वर्षं. रकाना शांत हाय, माय. एप्रिल शांत नाई. तिसऱ्या रकान्यापाशी कोनी जातच नाई, त मंग तिथं गडबड कोन करीन? एप्रिल चालत चालत पयल्या रकान्यात येते, तवा पाह्यजो.’

मी वाद घातला. आकडे सांगितले, प्रमाण विचलन सांगितलं, तीन ढिगांतला फरक सांगितला. बाबा म्हणाले, ‘बरं,’ आणि खडू उचलला. त्यांचं ‘बरं’ म्हणजे पुढे बोलायचं नाही.

सोमवारी गाडीत बसल्यावर मी लॅपटॉप उघडला. मूर्तिजापूर यायच्या आत मला कळलं. मी प्रत्येक वर्षीच्या एप्रिलचे तीन तुकडे केले होते. तो लांब होता तेव्हाचा तुकडा एका ढिगात, मधला दुसऱ्या ढिगात, जवळ आला तेव्हाचा तिसऱ्यात. तीन ढीग मी जीव तोडून मोजले, पण एखादा एप्रिल जन्मल्यापासून संपेपर्यंत सलग कसा जगतो, हे एकदाही पाहिलं नव्हतं. आता पाहिलं. एका वर्षाची रेघ काढली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. दर वेळी रेघ कितीतरी महिने आडवी पडलेली आणि शेवटी पिसाळलेली. माझाच निष्कर्ष होता तो. मुदत जवळ आली की चढउतार वाढतो, हे मी पन्नास पानं लिहिलं होतं. आणि चाचांनी विचारल्यावर नेमकं उलटं सांगितलं होतं. समोरच्या बाईने विचारलं, ‘गाडी लागून राहिली का?’ मी मान हलवली. लॅपटॉप मिटून ठेवला.

पुढच्या शनिवारी मी थेट चाचांच्या गोठ्यावर गेले. नव्या टिनांखाली म्हशी रवंथ करत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, कुठे चुकले तेही. अजून भाव फार वाढलेला नाही, आत्ताच बाकीची पोती घेऊन टाका, असं मी म्हणाले. चाचांनी वर बोट दाखवलं. पैसा छतावर होता.

‘मी देते,’ मी म्हटलं. ‘पोती मी घेऊन ठेवते. तुमी नंतर पाहा.’

‘नाई.’

‘चूक माही हाय, चाचा.’

‘दुधात पानी अन् सौद्यात दुसऱ्याचा पैसा, ह्या दोन गोष्टी आपल्या घरात झाल्या नाईत.’ मग जरा नरमाईने म्हणाले, ‘अवं, एप्रिल म्या बी पाह्यले. इतले पाह्यले. तू सांगतलं म्हनून म्या आयकलं, कावून का मले बी छत टाकाचं होतं. मानूस आयकाचं तेच आयकते.’

मला त्यांचं ते समजावणं जास्त लागलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेव्हापासून माझे शनिवार बदलले. गाळ्यात शिरण्याआधी मी फळा बघायची. हाती पैसा येईल तशी चाचा चार-पाच पोती उचलत होते, पण चौदा म्हशींपुढे ते किती पुरणार? फेब्रुवारीत मधल्या रकान्यातला एप्रिल थोडा हलायला लागला. मी मनातल्या मनात त्याला ‘बस खाली’ म्हणायची. एकदा तो चक्क दोन दिवस उतरला. मी आनंदाने जिलेबी आणली. बाबांनी एक तुकडा खाल्ला आणि म्हणाले, ‘दोन दिवसाची जिलेबी.’

मार्च संपताना तो पहिल्या रकान्यात होता, त्या झिजलेल्या लाकडावर. मग ढेप अशी भडकली की अकोल्यात अजून लोक बोलतात. सरकी लवकर संपली म्हणे, मिला वेळेआधी बंद पडल्या म्हणे, कोणी माल दाबून ठेवला म्हणे. कारणं सगळी नंतर सुचतात. एका दिवशी बाबांनी अकरा ते एक या वेळात सात वेळा आकडा पुसला. आठव्या वेळी त्यांनी नुसतं फडकं हातात धरलं आणि लिहायचं थांबले. रकाना पांढऱ्या धुळीने भरून गेला होता, आणि बाहेर माणसं मोबाइलकडे न बघता त्या रिकाम्या जागेकडे बघत उभी होती. बाजूच्या काळ्या रकान्यात पुढचा लांबचा महिना निवांत बसला होता. मला त्याचा इतका राग आला की मी तो पुसून टाकला. बाबांनी तो परत लिहिला.

चाचांनी दुधाचा भाव वाढवला नाही.

आईने आपणहून सांगून पाहिलं. सकाळी पातेलं पुढे करताना ती म्हणाली, ‘भाईजी, या दोन महिन्यांचे जरा वाढवून घ्या. सगळे देतील. आमी सांगतो शेजारी.’

चाचांनी माप घातलं. वरून धार सोडली, नेहमीएवढी. ‘कोजागिरीले सांगतलं ना, वहिनी?’ म्हणाले आणि सायकलकडे वळले. आई पातेलं घेऊन तशीच उभी राहिली. मी दाराच्या आत होते. माझ्याने बाहेर जाववलं नाही.

माझा प्रबंध पुढे मान्य झाला. मी एक नवं प्रकरण घातलं, त्यात एकेका वायद्याचा सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग मागोवा घेतला. अमरावतीला मौखिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं तेच प्रकरण उचललं आणि ‘ही दृष्टी कुठून आली?’ असं विचारलं. मी म्हणाले, वडिलांकडून. सगळे कौतुकाने हसले. बैल गेला आणि झोपा केला, असं त्यांना कोण सांगणार? ‘उपयुक्तता’ हा भाग मी काढून टाकला होता. मार्गदर्शकांनी विचारलं तेव्हा म्हटलं, उपयोग झाला की नाही ते मला ठरवता येत नाही. हे सगळं नंतरचं. आता नावापुढे डॉक्टर लागलंय आणि कोणी तसं म्हटलं की मला पहिल्यांदा नवी टिनं आठवतात.

त्या मे महिन्यात मी सुट्टीला अकोल्यातच होते. एका दुपारी मी आणि बाबा गाळ्यात बसलो होतो. ऊन असं की रस्त्यावर चिटपाखरू नाही. चाचा आले. पहाटे ते अंजनगावकडच्या बाजारात गेले होते, हे आम्हाला माहीत होतं. कशाला, तेही माहीत होतं. त्यांच्या खांद्यावर रुमाल होता आणि रुमालावर दावी. म्हैस विकली तरी तिचं दावं विकायचं नाही, ही त्यांच्या घरची पद्धत. मी दावी मोजली. सहा होती.

ते बाकावर बसले. दावी शेजारी ठेवली. मी माठातलं पाणी दिलं, ते त्यांनी एका दमात प्यायलं. बाबा खडूचा तुकडा बोटांत फिरवत होते.

माझ्या तोंडून निघून गेलं, ‘कितीले गेल्या, चाचा?’

इतकी वर्षं मी भाव गोळा केले. जवळचे, मधले, लांबचे, हजारो. भाव विचारायची माझ्या जिभेला सवय झाली होती. पण विचारलं ते सवयीने नाही. मला माझ्या त्या एका ‘हो’ची किंमत पाहिजे होती. ती भरता आली नसती तरी नुसती कळायला पाहिजे होती.

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मग बाबांकडे. मग खांद्यावरचा रुमाल काढून त्यांनी झटकला, बाबांच्या उजव्या हातावर पसरला आणि आपला हात खाली घातला.

गाळ्यात आम्ही तिघंच होतो. रुमाल थोडा हलला, थांबला, पुन्हा हलला. मी लहानपणीसारखी वाकले नाही. रुमालाखालचं मला काही दिसलं नाही. बाबांचा चेहरा दिसला. बाजार कोसळताना, मिला बुडताना, स्वतःच्या भावाच्या तिरडीपुढे, मी तो चेहरा पाहिलेला आहे. असा कधी पाहिला नव्हता.

‘बरं,’ बाबा म्हणाले.

चाचांनी रुमाल घडी करून परत खांद्यावर टाकला. ‘बेटा, जरा च्या सांगजो. शक्कर जास्त.’

मी चहा सांगायला उठले. परत आले तेव्हा दोघं मंडीतल्या कोणाच्या तरी गुडघ्याबद्दल बोलत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा वेळेवर आले. आठ म्हशींचं दूध नव्वद घरांना पुरत नव्हतं, म्हणून तीसेक घरांना त्यांनी हात जोडून नाही सांगितलं होतं. आमचं घर त्यांत नव्हतं. मी पातेलं धरलं. त्यांनी माप घातलं, आणि वरून धार सोडली.

सहा म्हशींचा तो आकडा बाबांनी मला आजपर्यंत सांगितलेला नाही.